नापास होण्याची शिकवणी

नागपूरच्या धंतोलीत इतके दवाखाने आहेत की तिथे माणूस नुसता चहा प्यायला थांबला तरी ओळखीचे लोक विचारतात, कोणाला ॲडमिट केलंय? हाडांचा डॉक्टर, दातांचा डॉक्टर, केस उगवून देणारा आणि पोट उतरवून देणारा, सगळे एकाच गल्लीत. त्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली होती. बाहेर पाटी होती, 'मानसशास्त्रज्ञ : मुले आणि कुटुंब'. पाटी वाचून वर येणारे लोक बहुतेक दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, 'आमचं पोरगं पागल नाही, तरी आणू का?' दुसरा, 'तुम्ही गोळी देता का?' गोळी देत नाही म्हटलं की अर्ध्या लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडायचा. उरलेल्यांचा उडायचा तो मला मुलासोबत ठोकळे लावताना पाहून. 'एवढंच? हे तर आम्ही घरीही केलं असतं.' केलं असतं, पण केलं नव्हतं. म्हणून तर जिना चढून आले होते.

आता ती खोली मी बंद केली आहे. गुडघे कुरकुरतात हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की आईबापांचा मला कंटाळा आला होता. मुलांचा कधीच आला नाही.

माझं शिक्षण कसं झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी इथलीच. घरात 'मले-तुले' चालायचं. कॉलेजात एका बाईंनी ते माझ्या जिभेवरून खरवडून काढलं आणि तिथे 'मला-तुला' बसवलं. पुढे दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत शिकायला गेले, तिथे तेही पुसून इंग्रजी चढवलं. तिथल्या चाचण्या परदेशात तयार झालेल्या. एका चित्रात एक माणूस घरासमोरचा बर्फ उकरत होता आणि त्यात काय चाललंय ते मुलाने सांगायचं होतं. परत आल्यावर मी ते चित्र जवळच्याच कन्हान गावच्या एका पोराला दाखवलं. तो म्हणाला, "एवढा कापूस सांडला अन् हा एकटाच गोळा करून राहिला?" गुणांच्या तक्त्याप्रमाणे या उत्तराला शून्य गुण. आठवडाभरात मी ऐकलेलं ते सगळ्यात शहाणं उत्तर होतं. त्या दिवशी मी तक्ता बाजूला ठेवला आणि स्वतःच्या गोष्टी, स्वतःची चित्रं, स्वतःचे परिच्छेद तयार करायला लागले. मराठीत, हिंदीत आणि आमच्या मले-तुलेमध्येही. अहवाल मात्र शेवटपर्यंत इंग्रजीत लिहावे लागले. ज्या आईसाठी लिहायचे तिला ते वाचता यायचे नाहीत आणि ज्या शाळेला वाचता यायचे ती वाचायची नाही. असा आमचा पेशा.

नागपूरचं घर एका भाषेत राहत नाही. फुशारकी इंग्रजीत मारतात, भांडतात हिंदीत आणि रडू आलं की मराठीत येतात. त्यामुळे माझं पहिलं काम एकच असायचं. हे मूल खरं कोणत्या भाषेत बोलतं ते शोधायचं. मी विचारायची, "ठेच लागली की काय ओरडतोस?" मॉम-डॅडची ओळख इंग्रजीत करून देणारं मूल तिथे 'आई गं' म्हणालं की मी इंग्रजी मिटून ठेवायची.

आता ज्या कामासाठी माझ्याकडे सगळ्यात जास्त लोक यायचे ते सांगते. काही मुलं बुद्धीने चांगली असतात, पण अक्षरं त्यांच्याशी नीट वागत नाहीत. बोलून विचारा, सगळं येतं. वाचायला द्या, घाम फुटतो. हा आळस नाही, मस्ती नाही आणि मारून जात नाही. अशा मुलांना परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, गरज असेल तर त्यांनी सांगितलेलं लिहायला लेखनिक मिळतो, पुढे प्रवेशातही काही सवलती असतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळासमोर जाताना आमच्यासारख्यांचा अहवाल हातात असला की काम सोपं होतं.

जिथे सवलत आहे तिथे रांग लागते आणि जिथे रांग आहे तिथे मधेच घुसणारे असतात. फरक इतकाच की सिनेमाच्या रांगेत घुसणारा स्वतः घुसतो. इथे आईबाप आपल्या मुलाला पुढे ढकलतात.

गार्गीला तिचे आईवडील घेऊन आले तेव्हा ती नववीत होती. घर नंदनवन वस्तीत. वडील प्रशांतराव शहराबाहेर ले-आऊट पाडून प्लॉट विकायचे. ज्या शेतात अजून तूर उभी आहे तिथे त्यांना क्लबहाऊस दिसायचं. आई मृणालताई ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. गार्गी दोघांच्या मधे बसली, हात मांडीवर, नजर टेबलावर. इतकी नीट बसली होती की मला आधी तिथेच शंका आली.

"शी हॅज डिस्लेक्सिया," मृणालताई म्हणाल्या.

खऱ्या अडचणीतल्या मुलाची आई अक्षरांच्या या अडचणीचा हा इंग्रजी शब्द कधी उच्चारत नाही. ती आधी सांगते की तो आळशी आहे, मग सांगते की शाळेतली बाई वाईट आहे आणि मग नवऱ्याकडे पाहते. मृणालताईंनी तो शब्द साडीच्या दुकानात रंग सांगावा तसा सांगितला.

"कधी लक्षात आलं?" मी विचारलं.

"आत्ता आत्ता."

"नववीत?"

"बेटर लेट दॅन नेव्हर," प्रशांतराव म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

मी त्या दोघांना बाहेर बसवलं आणि गार्गीला घेऊन कामाला लागले.

आधी आकडे. मी काही आकडे म्हणायचे, मुलाने तेच परत म्हणायचे. गार्गी प्रत्येक वेळी चुकली. पण कशी चुकली ते पाहा. सगळे आकडे बरोबर आणि शेवटचा एकाने जास्त. मी चार म्हटलं की ती पाच, मी सात म्हटलं की ती आठ. शेवटच्या आकड्यात दर वेळी एक मिळवायचा तर तो आकडा आधी पक्का लक्षात ठेवावा लागतो, हे तिला शिकवणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग इंग्रजी वाचन. 'बी' दिसला की 'डी', 'डी' दिसला की 'बी'. एकदाही विसर पडला नाही. मी मुद्दाम अवघड, लांबलचक, 'बी' आणि 'डी'ने भरलेले शब्द दिले. पोरीने एकेक अक्षर उलटं करून दाखवलं. मला मनातून कौतुक वाटलं. खऱ्या अडचणीला इतकी शिस्त नसते. खरं अडखळणारं मूल एकाच ओळीत एक शब्द चुकतं, तोच शब्द खाली बरोबर वाचतं, तिसऱ्यांदा त्याचा भलताच शब्द करतं आणि मग 'पोट दुखतंय' म्हणतं. गार्गीचं पोट दुखत नव्हतं.

शेवटी मी तिला मराठी परिच्छेद दिला. गार्गीची शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी तिसरी भाषा. परिच्छेद माझाच लिहिलेला होता. एका लग्नात माकड येऊन नवरदेवाचा फेटा पळवतं. लोक माकडामागे धावतात. तोवर माकड फेटा घालून स्टेजवर नवरदेवाच्या खुर्चीत जाऊन बसतं आणि मान खाली घालून कॅमेऱ्याशी खटपट करणारा फोटोग्राफर त्याला म्हणतो, 'जरासं हसा ना.'

गार्गी वाचू लागली. सरळ, न अडखळता, जोडाक्षरांवर जरा जपून. माकड स्टेजकडे निघालं तिथे ती फिसकन हसली.

फोटोग्राफर अजून पुढच्या ओळीत होता. तिने तो अजून मोठ्याने वाचलाच नव्हता. म्हणजे तिचे डोळे जिभेच्या एक ओळ पुढे पळत होते. चांगलं वाचणाऱ्याचेच डोळे असे पळतात. अक्षरं जुळवताना दमलेल्या मुलाला विनोद कळतो, पण तो संपल्यावर, आणि कधी कधी जिना उतरताना.

हसू थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मराठीचं सरांनी सांगितलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"कोण सर?"

तिने सांगितलं. एका फ्लॅटमध्ये 'शैक्षणिक मार्गदर्शन' करणारे एक सर होते. ते मुलांना तपासणीत कसं चुकायचं ते शिकवायचे. आकडे कसे बिघडवायचे, अक्षरं कोणती उलटायची, कुठे डोकं खाजवायचं आणि कुठे सुस्कारा सोडायचा, सगळं. माझ्यापुढे बसलेली पोरगी नापास होण्याची शिकवणी लावून आली होती. आणि शिकवणीत सगळीकडे होतं तेच इथेही झालं होतं, मराठीकडे कोणी लक्षच दिलं नव्हतं.

मी आईवडिलांना आत बोलावलं आणि सांगितलं, "तुमच्या मुलीला काहीही अडचण नाही. वाचन उत्तम, स्मरणशक्ती त्याहून उत्तम."

हे ऐकून आईबापांचे चेहरे पडलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

प्रशांतराव म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये थोडं वरखाली होत असेल न? आमच्या नकाशातही होतच असतं."

"तुमच्या नकाशात रस्ता अरुंद होतो. इथे तुमची मुलगी अरुंद होईल."

मृणालताईंचं इंग्रजी संपलं. "मंग तुमी कायले बसल्या इथं?" त्या म्हणाल्या. "आमच्या मोठ्याची मेडिकलची सीट थोडक्यासाठी गेली. त्याच्यामागे असलेली पोरं सर्टिफिकेट दाखवून पुढे गेली. आता हिचंही तसंच होऊ देऊ का? सगळे करून राहिले, मॅडम. आम्हीच काहून मागे राहायचं?"

त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरी मुलं होती. अशा नाटकांमुळे मंडळातले डॉक्टर प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहायला लागले होते. खरोखर अक्षरांशी झगडणारं पोर तिथे गेलं की त्यालाही विचारायचे, कोणत्या सरांकडे शिकलास? ते बिचारं शाळेतल्या सरांचं नाव सांगायचं.

मी म्हटलं, "तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. तुमच्या वर्गात कोणी असं केलं तर?"

"ते वर्गात," मृणालताई म्हणाल्या आणि उठल्या.

दोन दिवसांनी खुद्द ते सर आले. तुकतुकीत चेहरा, पांढरा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा डबा. येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, आपण दोघं एकाच फील्डमधले."

"नाही. मी मुलांना काय येतं ते शोधते."

"तेच न. मीपण आधी तेच शोधतो. मग ते झाकायचं कसं, एवढंच पुढचं." त्यात त्यांना काहीच वावगं वाटत नव्हतं. "पालकांची मजबुरी समजून घ्या न. अन् तुमच्यामुळे आम्हाला एक कळलं. आता मराठीचाही सराव घेऊ."

माझ्या तीस वर्षांच्या कामातून कोणी काही शिकलं असेल तर तो हा गृहस्थ. मी बर्फीचा डबा त्यांच्या हातात परत दिला आणि दार उघडून उभी राहिले. ते रागावले नाहीत. असे लोक रागावत नाहीत. त्यांना दुसरं दार माहीत असतं.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पुढे काही महिन्यांनी, एप्रिलच्या दुपारी, खोलीत कुलर घरघरत होता आणि मी जेवणाचा डबा उघडत होते. दारात एक मुलगी उभी राहिली. नागपूरच्या उन्हात मुली बांधतात तसा चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. स्कार्फ सोडला तेव्हा ओळखलं. गार्गी. जवळच तिची गणिताची ट्यूशन होती, ती बुडवून आली होती.

"मॅडम, माझी खरी टेस्ट घ्याल?"

"तुझी खरीच घेतली होती."

"आता परत घ्या. आता मी खरंच अडकते."

मी डबा बंद केला. तिने दप्तरातून शाळेचा इंग्रजीचा पेपर काढला. दोन-तीन ठिकाणी 'बी'चा 'डी' झाला होता आणि मास्तरांनी लाल गोल केला होता. "हे मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "लिहिताना मला आता थांबावं लागतं. हे बरोबर लिहायचं की चूक, ते आठवावं लागतं. कधी कधी आठवतच नाही."

"रोज सराव करतेस?"

"रोज संध्याकाळी. आई डिक्टेशन देते. चुकलं की टिक करते. बरोबर आलं की फुली."

मी पुन्हा विचारलं. नीट ऐकलं की नाही, याची खात्री करायची होती.

"बरोबर शब्दावर फुली," गार्गी म्हणाली. "लाल पेननं. मग तो शब्द दहा वेळा चुकीचा लिहायचा."

मुलांना मारणारे आईबाप मी पाहिले आहेत, खोलीत कोंडणारे पाहिले आहेत. पण कॉलेजात शिकवणारी एक बाई संध्याकाळचा चहा घेऊन स्वतःच्या मुलीच्या बरोबर शब्दांवर फुल्या मारत बसते, हे चित्र माझ्या डोक्यातून आजही जात नाही. कारण त्या घरात कोणीही ओरडत नव्हतं. सगळं प्रेमाने चाललं होतं. दूध, बदाम आणि फुली.

आईबापांच्या संमतीशिवाय मी तिची तपासणी करू शकत नव्हते. मी तिला तसं सांगितलं. पण समोर बसून गप्पा मारायला आणि वाचायला कोणाची संमती लागत नाही. मी तिला कपाटातली पुस्तकं काढायला सांगितली, हवी ती, हव्या त्या भाषेत. ती आधी भीत भीत वाचू लागली. इंग्रजी वाचताना 'बी' आला की पापणी फडफडायची, ती क्षणभर थांबायची. मराठी वाचताना काही होत नव्हतं. तासाभरात इंग्रजीतलं थांबणंही कमी झालं.

"तुला काही झालेलं नाही," मी सांगितलं. "दाराची कडी रोज उलटी लावायची सवय लागली की सरळ लावताना हात अडतो, तसं आहे हे. सराव थांबला की जाईल."

"नक्की?"

"नक्की."

तिला रडू आलं. रडताना ती पुरती आमच्या मले-तुलेतली झाली. "मले वाटलं, मी खरंच तशी झाली," ती म्हणाली. "सगळे घरी म्हणतात, गार्गीला प्रॉब्लेम आहे. आत्याला पण सांगतलं, मामाला पण सांगतलं. आता मामा माझ्याशी हळूहळू बोलतो, मॅडम. एकेक शब्द. जसं मले समजतच नाई."

मी पाणी दिलं. नाक पुसून झाल्यावर तिने विचारलं, "पुढच्या महिन्यात मंडळासमोर नेणार आहेत. सरांनी दुसरीकडून रिपोर्ट आणून दिला. मी तिथं काय करू?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते मी गिळलं. "ते मी नाही सांगणार," मी म्हटलं. "सांगितलं तर मीही तुझी शिकवणीच घेतली असं होईल. तुला वाचता येतं, एवढं मला माहीत आहे. आता तुलाही माहीत आहे."

तिला हे उत्तर आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीला असं मोकळं सोडणं सोपं नसतं. जाताना तिने विचारलं, "आईला सांगाल? सराव बंद कर म्हणून?" मी म्हटलं, सांगायचं तर तू इथे आलीस हेही सांगावं लागेल. ती थोडा वेळ स्कार्फचं टोक पिळत राहिली आणि म्हणाली, "सांगा."

त्याच संध्याकाळी मी मृणालताईंना फोन केला. गार्गी येऊन गेली, तिच्या मनात भीती बसली आहे, खोट्या चुका आता खऱ्या होऊ लागल्या आहेत, हे सगळं समजावलं. मला वाटलं, बाई हादरल्या असतील. आई आहे, हादरणारच.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आता ती खरंच चुकते?"

"हो. म्हणूनच सांगतेय."

"मंग आता तरी द्या न रिपोर्ट."

मी फोन ठेवला. माणसाच्या मनाचं शास्त्र मी शिकले, शिकवलं, त्यावर पोट भरलं. त्या वाक्याचं काय करायचं ते कुठल्याही शास्त्रात सापडलं नाही.

मंडळासमोर काय झालं ते मला कळलं, आणि गार्गीचं पुढे काय झालं तेही आधीच सांगून टाकते. तिला प्रमाणपत्र मिळालं नाही. दहावी तिने सगळ्यांसोबत, सगळ्यांच्या वेळेत, स्वतःच्या हाताने लिहून दिली. गुण चांगले पडले, पेपरात फोटो छापून येण्याइतके नाही. पुढे कॉमर्स घेतलं. रसायनशास्त्राच्या पुस्तकाला तिने परत हात लावला नाही. ते सर मात्र जोरात आहेत. आधी फ्लॅटवर पाटीही नव्हती, आता रस्त्यावरून दिसेल असा बोर्ड लागला आहे. जाता-येता तो दिसला की मी मान वळवते. त्यांच्याविरुद्ध मी दोन-तीन ठिकाणी बोलून पाहिलं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन त्यांचा नंबर मागितला, भाच्यासाठी.

पण मला सांगायचंय ते मंडळाच्या दुसऱ्या दिवशीचं.

सकाळची वेळ होती, बाहेरच्या खोलीत लोक बसले होते. मी आत कन्हानच्याच दुसऱ्या एका मुलासोबत काम करत होते. पाचवीत होता, घड्याळ उघडून परत जोडायचा, पण स्वतःचं नाव वाचायला सांगितलं की भिंतीकडे पाहायचा. त्याच्यासमोर ठोकळे ठेवले आणि बाहेर आवाज वाढला म्हणून मी दार उघडलं.

मृणालताई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, पर्स उघडी. मला पाहताच त्यांनी सुरुवात केली, आणि त्या दिवशी त्यांना इंग्रजीची आठवणही राहिली नव्हती.

"तुमीच शिकवलं तिले! समद्या डॉक्टरांसमोर धडाधडा वाचलं पोरीनं! इंग्रजी वाचलं, मराठी वाचलं, भिंतीवरची सूचना वाचली, अन् वरून विचारते कशी, 'अजून काही वाचू का?' ते डॉक्टर हसून राहिले आमच्यावर! तिचे बाबा खाली मान घालून बसले. नाक कापलं आमचं!"

"मी तिला काहीही शिकवलं नाही," मी म्हटलं. "तिला येतच होतं."

त्या मटकन बसतील असं वाटलं, पण उभ्याच राहिल्या आणि रडू लागल्या. बाकाच्या टोकाला त्या कन्हानच्या मुलाची आई बसली होती. मांडीवर पिशवी, पायात घासलेल्या चपला. मुलाला घेऊन पहाटेची निघाली होती. ती मघापासून तोंड किंचित उघडं ठेवून मृणालताईंचं बोलणं ऐकत होती. कुठेतरी काहीतरी आपल्याच ऐकण्यात चुकतंय असा चेहरा होता.

शेवटी तिने विचारलंच. "बाई, तुमची पोरगी वाचते?"

मृणालताईंनी तिच्याकडे पाहिलं.

"धडाधडा वाचते म्हणता न वं?" ती म्हणाली. "मंग रडून काहून राहिल्या?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्या मुलाने एक ओळ वाचावी म्हणून ती दर आठवड्याला येत होती. वाचणाऱ्या मुलीची आई का रडते हे तिला कळलं तर हवं होतं.

मृणालताईंनी डोळे पुसले, पर्सची चेन ओढली, ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "यू विल नॉट अंडरस्टँड."

ती बाई माझ्याकडे वळली. "काय म्हणून राहिल्या जी मॅडम त्या?"

आयुष्यभर मी दोन भाषांच्या मधे बसून कमावलं. इकडचं तिकडे सांगताना शब्द बदलायचा नाही, हा माझा नियम होता आणि त्या दिवसापर्यंत तो मी कसोशीने पाळला होता.

"त्या म्हणतात," मी तिला सांगितलं, "त्यायलेच काही समजून नाई राहिलं."

बाईने मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. तिने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला घेतली आणि बाकावर जागा केली. "बसा मंग," ती म्हणाली. "बसा वं बाई. सांगतीन मॅडम."

मृणालताईंना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.